खोकल्याची बाटली, पंक्चरचं सोल्युशन आणि फौजदारी कायदा

खोकल्याच्या कोडीन असलेल्या औषधाच्या १०० मिलिलिटरच्या बारा बाटल्या एका तरुणाच्या पिशवीत सापडल्या असं समजा. अशा औषधात साधारणपणे दर ५ मिलिलिटरमागे १० मिलिग्रॅम कोडीन असतं. म्हणजे एका बाटलीत २०० मिलिग्रॅम आणि बारा बाटल्यांत मिळून २.४ ग्रॅम. कोडीनच्या बाबतीत १० ग्रॅमपर्यंतचा साठा कायद्याच्या भाषेत ‘अल्प प्रमाण’ ठरतो आणि त्याला जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा आहे. मग या तरुणाला फार तर वर्षभराची शिक्षा होईल?

तसं नाही. २०२० पासून वजन फक्त कोडीनचं धरत नाहीत, बाटलीतल्या सगळ्या द्रवाचं धरतात. मिठाईवाल्याने गुलाबजाम पाकासकट तोलावेत तसं. बारा बाटल्यांतला द्रव किलोच्या वर जातो आणि कोडीनचं ‘व्यापारी प्रमाण’ १ किलोच्या वर सुरू होतं. त्याला किमान दहा वर्षं सक्तमजुरी आहे, कमाल वीस. वर १ ते २ लाख रुपये दंड. आणि याच बाटल्या परवानाधारक औषध दुकानाच्या असतील, सोबत खरेदीची बिलं असतील, तर बहुतेक वेळा अमली पदार्थांचा कायदा लागूच होत नाही.

बाटल्या त्याच, औषध तेच, पण उत्तरं तीन: काहीच नाही, एक वर्ष किंवा दहा वर्षं. हा लेख या तीन उत्तरांमधल्या अंतराबद्दल आहे. “दुकानात मिळतं ना, मग त्यात गुन्हा कसला?” या समजापोटी कित्येक मुलं आणि त्यांची कुटुंबं गाफील राहतात. पोलीस दारात येतात तोवर उशीर झालेला असतो.

घरातल्या वस्तूची किंवा औषधाची नशा करणं असा एकच गुन्हा आपल्या कायद्यात नाही. एका पुस्तकात एक कलम, असा मामलाच नाही. तीन-चार वेगवेगळे कायदे आहेत, ते वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कारणांनी झाले आणि प्रत्येक जण आपापला प्रश्न विचारतो. अमली पदार्थांचा कायदा विचारतो: हा पदार्थ माझ्या यादीत आहे का, आणि असेल तर तो तुझ्याकडे कशासाठी व कोणत्या मार्गाने आला? औषध कायदा विचारतो: दुकानदारा, चिठ्ठी पाहिलीस का, वहीत नोंद केलीस का? दारूबंदी कायद्याला यात अल्कोहोल किती आणि ते पिण्याजोगं आहे का, एवढंच हवं असतं. आणि भारतीय न्याय संहिता, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला कायदा, पाहते की यातून दुसऱ्या कुणाला इजा झाली का. पंक्चरच्या सोल्युशनपाशी आलं की यातले बहुतेक प्रश्न गळून पडतात. त्याकडे पुढे येतोच.

एनडीपीएस: यादीतलं औषध

पोलीस आणि वकील ज्याला ‘एनडीपीएस’ म्हणतात तो कायदा १९८५ चा. मराठीतलं त्याचं सरकारी नाव लांबलचक आहे: गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम. गांजा, चरस, हेरॉईन याच्या कक्षेत येतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कोडीनसारखी अफूपासून तयार होणारी औषधं, झोपेसाठी आणि घबराटीसाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपामच्या गोळ्या आणि २०१८ पासून वेदनाशामक ट्रॅमाडॉल हेही याच कायद्यात मोडतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. मालेगावात ज्या गोळीला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती बहुतेकदा अल्प्राझोलमच असते. एरवी हीच गोळी कुणाच्या तरी आजीच्या औषधाच्या डब्यात अगदी सरळ मार्गाने आलेली असते.

हा कायदा या औषधांवर सरसकट बंदी घालत नाही. त्याचं आठवं कलम सांगतं की वैद्यकीय किंवा शास्त्रीय कारण सोडून, आणि नियमांनी आखून दिलेली रीत सोडून, हे पदार्थ बाळगणं, विकणं, विकत घेणं, वाहून नेणं, सेवन करणं यांपैकी काहीही करता येणार नाही. यात अटी दोन आहेत आणि दोन्ही एकदम पाळाव्या लागतात. कारणही वैद्यकीय हवं आणि मार्गही नियमातला हवा. “मला खरंच झोप येत नव्हती” हे कारण खरं असलं, तरी गोळ्या चिठ्ठीशिवाय कुणाकडून तरी घेतल्या असतील तर दुसरी अट मोडलेली असते. नियम ६५अ तर अगदी स्पष्ट आहे: असा पदार्थ विकणं, विकत घेणं, सेवन करणं किंवा वापरणं फक्त औषधांच्या नियमावलीप्रमाणेच चालेल. त्यात ‘विकत घेणं’ हा शब्द आहे. म्हणजे जबाबदारी गिऱ्हाइकावरही येते.

चिठ्ठीने औषध घेणाऱ्या रुग्णाने मात्र यात घाबरण्यासारखं काही नाही. नियम ६६ प्रमाणे स्वतःच्या उपचारासाठी अशा औषधाच्या १०० मात्रांपर्यंतचा साठा एका वेळी जवळ ठेवता येतो. दीर्घ उपचारासाठी डॉक्टरांनी तसं खास लिहून दिलं असेल तर ३०० मात्रांपर्यंत. गावाला जाताना तीन महिन्यांच्या गोळ्या सोबत नेणाऱ्या आजींनी चिठ्ठी आणि बिल त्याच पिशवीत ठेवावं, एवढंच. आखातात मुलाकडे जाताना मात्र हा नियम कामाला येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन, ट्रॅमाडॉल यांसारखी औषधं न्यायची तर तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. आपल्याकडची चिठ्ठी दाखवून काम भागेल असं धरून चालू नये.

आता शिक्षा. सेवनासाठी वेगळं कलम आहे, २७ वं. कोकेन, मॉर्फिन, हेरॉईन आणि सरकारने अधिसूचित केलेल्या इतर पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाकीच्यांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाळगणं, विकणं, नेणं यांची शिक्षा वजनावर ठरते आणि तिच्या तीन पायऱ्या आहेत. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच्या वर पण व्यापारी प्रमाणाच्या खाली असेल तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षं. या शेवटच्या पायरीवर न्यायाधीशाला दया आली तरी दहाच्या खाली उतरता येत नाही.

म्हणून सगळा खेळ वजनाचा होतो. अल्प्राझोलमचं अल्प प्रमाण ५ ग्रॅमपर्यंत आणि व्यापारी प्रमाण १०० ग्रॅमच्या वर. ट्रॅमाडॉलचं ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. अल्प्राझोलमच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत औषध असतं अर्धा मिलिग्रॅम, बाकी सगळा भुकटीचा भराव. गोळीचं वजन ११० मिलिग्रॅम धरलं तर हजार गोळ्यांत औषध अर्धा ग्रॅम, पण तराजूवर ११० ग्रॅम. अल्प प्रमाणाच्या दहाव्या हिश्श्याइतकं औषध आणि शिक्षा व्यापाऱ्याची.

असं का झालं, ते पाहायला हवं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध पदार्थाचंच वजन धरावं असा निकाल दिला होता. २००९ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून संपूर्ण मिश्रणाचं वजन धरायला सांगितलं. हा वाद तीन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे गेला आणि एप्रिल २०२० मध्ये ‘हिरासिंग’ खटल्यात न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला. न्यायालयाचं म्हणणं असं की रस्त्यावर कुणी शुद्ध हेरॉईन विकत नाही. त्यात भेसळ असतेच आणि ते सगळं मिळूनच माणसाचा जीव घेतं. हेरॉईनच्या पुडीबाबत हे म्हणणं पटतं. तिथली भेसळ विकणारा स्वतः, नफा वाढवायला घालतो. पण औषधाच्या बाटलीतला पाक कारखान्यात, सरकारी परवान्याने घातलेला असतो. दोन्ही एकाच तराजूत घालणं मला न्यायाचं वाटत नाही. कायदा बदलेपर्यंत मात्र हिशेब याच रीतीने होणार, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवलेलं बरं.

खोकल्याच्या औषधात आणखी एक गुंता आहे. १९८५ च्याच अधिसूचनेत कोडीनला सूट दिलेली आहे: इतर घटकांबरोबर मिसळलेलं, दर मात्रेत १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसलेलं, २.५ टक्क्यांपेक्षा तीव्र नसलेलं आणि उपचारात रूढ असलेलं कोडीनचं औषध ‘उत्पादित अमली पदार्थ’ धरायचं नाही. बाजारातल्या बाटलीत कोडीन असतं ०.२ टक्के. म्हणजे आकड्यांत ती सहज बसते. मग गुन्हा होतो कसा? २०१२ मध्ये आसामातल्या एका खटल्यात ट्रकभर बाटल्या कागदपत्रांविना पकडल्या गेल्या होत्या. आरोपींनी याच सुटीचा आधार घेतला. सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. एवढा साठा कागदाशिवाय कुठे चालला होता याचं उत्तर नसेल, तर तो उपचारासाठी होता असं म्हणता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. तेव्हापासून लढाई ‘उपचारासाठी’ या शब्दांभोवती चालते. उच्च न्यायालयांचे निकाल सगळीकडे सारखे नाहीत. कुठे आकडे पाहून जामीन मिळतो, कुठे साठा पाहून नाकारला जातो.

जामीन हीच खरी अडचण. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात ३७ वं कलम आडवं येतं. आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ आधार आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा असा गुन्हा करणार नाही, याची खात्री पटल्याशिवाय न्यायालय जामीन देऊ शकत नाही. तपासाला पोलिसांना १८० दिवस मिळतात. शिवाय ताबा सिद्ध झाला की त्यामागे हेतू होता असं गृहीत धरलं जातं आणि “पिशवीत काय आहे ते मला माहीत नव्हतं” हे आरोपीनेच सिद्ध करायचं असतं. मित्राची पिशवी दुचाकीवर घेऊन निघालेल्या मुलाला हे सिद्ध करायला किती वर्षं लागतील, याचा विचार करा. छोट्या प्रमाणाचा गुन्हा तरी जामीनपात्र असेल, असा समजही महाराष्ट्रात चालत नाही. ऑक्टोबर २०२० मधल्या एका गाजलेल्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र धरले आहेत.

मेडिकलवाल्याची जबाबदारी

आपण ‘बिनचिठ्ठीचं औषध’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ते चिठ्ठीचंच असतं, फक्त चिठ्ठी कुणी मागत नाही. भारतातल्या औषध नियमांत बिनचिठ्ठीच्या औषधांची वेगळी यादी नाही. चिठ्ठी लागणाऱ्या औषधांच्या याद्या आहेत आणि त्यात जे नाही ते मोकळं. या याद्यांपैकी ‘एच’ ही मोठी. ‘एच-१’ ही जास्त कडक, १ मार्च २०१४ पासून लागू झालेली. कोडीन, अल्प्राझोलम, डायझेपाम, ट्रॅमाडॉल ही सगळी एच-१ मध्ये. विकताना दुकानदाराने स्वतंत्र वहीत डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि त्याचं प्रमाण लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. वेष्टनावर लाल चौकट असते, तिच्यात इशारा छापलेला असतो. घरातल्या पाकिटांवर एकदा नजर टाकली तर ही चौकट किती ठिकाणी आहे ते दिसेल.

वहीत नोंद न करता, चिठ्ठी न पाहता विकणाऱ्याला १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या २७(ड) कलमाखाली एक ते दोन वर्षं कैद आणि किमान २०,००० रुपये दंड होऊ शकतो. परवान्याशिवाय औषध विकणाऱ्याला तीन ते पाच वर्षं. हा कायदा विक्रेत्याला आणि उत्पादकाला शिक्षा करतो, पिणाऱ्याला नाही. अन्न व औषध प्रशासन परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतं आणि दुकानदाराला धाक असतो तो मुख्यतः याचाच.

२०२३ च्या जनविश्वास कायद्याने २७(ड) चा गुन्हा तडजोडपात्र केला. म्हणजे ठरलेली रक्कम भरून प्रकरण मिटवता येतं. कागदोपत्री चुकांसाठी दुकानदारांना वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घालायला लागू नयेत, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. पण एका बाजूला वही न ठेवता मुलांना बाटल्या विकणाऱ्याला पैसे भरून सुटण्याची वाट आणि दुसऱ्या बाजूला त्याच बाटल्या पोचवणाऱ्या पोराला दहा वर्षं, हे चित्र मला अस्वस्थ करतं. अशा दुकानदाराला शिक्षा होण्याची वाट पूर्णपणे बंद आहे असंही नाही. २०१८ मध्ये पंजाबच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की औषध कायदा लागू होतो म्हणून एनडीपीएस लागू होत नाही, असं नाही. दोन्ही एकत्र चालतात. नशेसाठी जाणूनबुजून विकणाऱ्या दुकानदारावर एनडीपीएस लावता येतो. तपास पुरवठ्याच्या साखळीत वरपर्यंत नेणं हे पोलिसांच्या इच्छेवर आणि चिकाटीवर आहे.

यादीबाहेरची औषधंही आहेत. व्यायामशाळांतल्या मुलांमध्ये पसरलेलं मेफेंटरमाईन सल्फेटचं इंजेक्शन घ्या. भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब उतरला तर तो सावरण्यासाठी हे असतं. पुणे, सांगलीकडे पोलिसांनी त्याच्या बेकायदा विक्रीचे गुन्हे दाखल केले आहेत. ते एनडीपीएसमध्ये नाही, त्यामुळे औषध कायदा आणि भारतीय न्याय संहिता यांचा आधार घेतला जातो. घेणाऱ्या मुलावर फौजदारी गुन्हा होत नाही, पण त्याच्या हृदयावर पडणारा ताण काही कायद्याची यादी पाहून पडत नाही.

अल्कोहोल असलेल्या घरगुती वस्तू

हा प्रश्न नवा नाही, आणि तो मुंबईतूनच कोर्टात गेला होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ‘मद्य’ या शब्दाची व्याख्या इतकी रुंद केली की टॉनिक, टिंक्चर, यू-डी-कोलन सगळंच त्यात आलं. मुंबईच्या एका नागरिकाने त्याला आव्हान दिलं. १९५१ मध्ये ‘मुंबई राज्य विरुद्ध बलसारा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी उचलून धरली, पण औषधी आणि प्रसाधनाच्या वस्तूंना ती लावणारा भाग रद्द केला. अशा वस्तूंचा खरा उपयोग वेगळा असतो. कुणीतरी त्या पिऊ शकेल एवढ्यावरून सगळ्यांच्या घरातून त्या काढून घेता येणार नाहीत, असा त्यातला विचार. त्यानंतर कायद्यात दुरुस्ती झाली. जी वस्तू नशेसाठी पिण्यास अयोग्य असेल तिला सूट, आणि अयोग्य आहे की नाही हे सांगायला तज्ज्ञांचं मंडळ. आजच्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यातही ती चौकट आहे.

ही पंचाहत्तर वर्षांपूर्वीची रेषा मला अजूनही शहाणपणाची वाटते. वस्तूला गुन्हेगार ठरवायचं नाही, तिच्या वापराकडे पाहायचं. पण ‘अयोग्य’ ठरलेली वस्तू माणसं पीत नाहीत असं नाही. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात वणी इथे टाळेबंदीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेले सात जण दगावले. सॅनिटायझर, स्पिरिट, थिनर यांत मिथेनॉल असेल तर शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते आधी दृष्टी आणि मग जीव घेतं. असं काही कुणी प्यायलं असेल तर ‘पोलीस केस होईल’ या भीतीने घरी थांबू नका. उलट्या काढायच्या खटपटीत वेळ घालवू नका. बाटली सोबत घ्या आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा.

स्वतः पिणं वेगळं आणि दुसऱ्याला पाजणं वेगळं. गुंगीचं किंवा नशेचं औषध इजा करण्याच्या किंवा गुन्हा करण्याच्या हेतूने, किंवा इजा होईल हे माहीत असून दुसऱ्याला दिलं, तर न्याय संहितेच्या १२३ व्या कलमाखाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या दंड संहितेतलं हे ३२८ वं कलम. रेल्वेत बिस्किटातून गुंगी देऊन लुटणाऱ्यांवर लागायचं ते हेच. पार्टीत मैत्रिणीच्या पेल्यात ‘गंमत म्हणून’ झोपेची गोळी टाकणाऱ्यालाही हे कलम गाठू शकतं.

सोल्युशन, व्हाइटनर आणि मुलं

पंक्चरचं सोल्युशन, थिनर, व्हाइटनर, पेट्रोल. यांच्या वाफेत टोल्यूईनसारखी द्रावकं असतात. ती चरबीत विरघळतात, म्हणून काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतात. भुकेचा आणि थंडीचा विसर पडतो. स्टेशनांवर राहणाऱ्या मुलांच्या हातात फडकं का असतं, त्याचं कारण याहून फार वेगळं नाही.

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर मुलांमधल्या व्यसनांचं असं सर्वेक्षण करण्याचा आदेश दिला होता. त्यात एक आकडा बाकी सगळ्यांपेक्षा वेगळा होता. हुंगण्याच्या पदार्थांचा वापर प्रौढांत ०.५८ टक्के आणि १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळणारी ही एकमेव नशा. मदतीची गरज असलेली मुलं देशात सुमारे ४.६ लाख.

आणि नेमकं इथेच कायदा सर्वांत पातळ आहे. टोल्यूईन हा एनडीपीएसच्या व्याख्येत अमली पदार्थही नाही आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थही नाही. त्यामुळे सोल्युशन हुंगणारं मूल त्या कायद्याखाली गुन्हेगार नाही. ते बरोबरच आहे. पण विकणाऱ्यालाही जवळजवळ काही होत नाही, हे बरोबर नाही. बाल न्याय कायद्याचं ७७ वं कलम मुलाला मद्य, अमली पदार्थ, मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड सांगतं. या शब्दांत थिनर नाही, सोल्युशन नाही. चांगला वकील तेवढ्या फटीतून आरोपीला बाहेर काढतो. याच कलमामुळे दहा वर्षांच्या मुलाला खोकल्याच्या कोडीनची बाटली नशेसाठी देणारा सात वर्षांच्या धाकात येतो, पण त्याच मुलाला सोल्युशनची ट्यूब देणारा येत नाही. कायदेमंडळाला ही फट दोन शब्दांत बुजवता येईल. ती अजून तशीच आहे.

२०१२ मध्ये केंद्राने व्हाइटनर आणि थिनरच्या बाटल्यांची किरकोळ विक्री बंद केली. पेनासारख्या साधनातून, थोडंथोडं बाहेर येईल असंच ते विकायचं आणि त्यावर वाफेच्या धोक्याची सूचना छापायची. शाळेच्या दप्तरातला व्हाइटनर बाटलीतून पेनात गेला तो यामुळे. ही उपाययोजना मला सगळ्यांत आवडते, कारण यात एकाही मुलाला अटक करावी लागली नाही. पंक्चरच्या सोल्युशनचं असं करणं अवघड आहे, ते प्रत्येक सायकलच्या दुकानात लागतंच.

हुंगताना सापडलेल्या मुलाला बाल न्याय कायदा ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ मानतो. व्यसनाच्या विळख्यात ओढलं जाण्याची शक्यता असलेल्या मुलाचा या व्याख्येत वेगळा उल्लेखच आहे. त्याला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचं असतं, कोठडीत नाही. आणि एक गोष्ट पोलीस, रेल्वे सुरक्षा दल, दुकानदार सगळ्यांनी लक्षात ठेवावी: हुंगलेल्या मुलाच्या मागे धावू नका, त्याला दचकवू नका. ही द्रावकं हृदयाला भीतीच्या संप्रेरकाबाबत इतकं हळवं करतात की अचानक धावपळीने ठोका बिघडून मूल जागीच दगावू शकतं. शांतपणे मोकळ्या हवेत न्या आणि १०९८ ला फोन करा.

औषधांच्या बाबतीत अल्पवयीन मुलाची गोष्ट निराळी. किमान सात वर्षं शिक्षा असलेला गुन्हा बाल न्याय कायद्यात ‘अघोर’ धरला जातो आणि १६ ते १८ वयाच्या मुलाने तो केला असा आरोप असेल, तर प्राथमिक तपासणीनंतर त्याचा खटला प्रौढासारखा चालवता येतो. वर पाहिलेल्या बारा बाटल्या पोचवणारा सतरा वर्षांचा मुलगा याच खान्यात बसतो. त्याला पिशवी देणाऱ्यासाठी ७८ वं कलम आहे: मुलाला अमली पदार्थाच्या विक्रीसाठी किंवा ने-आणीसाठी वापरलं तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. मुलावर गुन्हा दाखल होत असेल तर त्याच जबाबात पिशवी कुणी दिली हे नोंदवून घ्या आणि ७८ वं कलम लावा, असा आग्रह पालकांनी आणि वकिलाने पहिल्याच दिवशी धरायला हवा.

कायद्याने उघडं ठेवलेलं दार

याच कडक कायद्यात ६४अ नावाचं कलम आहे आणि ज्यांच्यासाठी ते आहे त्यांच्यापर्यंत ते फारसं पोचतच नाही. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल, आणि तो स्वतःहून सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा त्यांनी मान्यता दिलेल्या केंद्रात उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. दोषी ठरल्यानंतरही ३९ वं कलम न्यायालयाला तुरुंगाऐवजी उपचारांना पाठवण्याची मुभा देतं, अर्थात आरोपीच्या संमतीने.

मध्यम आणि व्यापारी प्रमाणाला मात्र हे दार बंद आहे. म्हणून वजनाचा तो हिशेब पुन्हा आड येतो. संपूर्ण मिश्रण तोलण्याच्या नियमामुळे रोज दोन बाटल्या पिणारा, आठवड्याचा साठा एकदम घेणारा रुग्ण औषधाच्या हिशेबाने अल्प प्रमाणात असतो आणि तराजूच्या हिशेबाने व्यापारी. उपचाराची सगळ्यात जास्त गरज त्याला असते आणि ६४अ त्याच्यासाठी नसतं. कायदा दुरुस्त करायचाच झाला तर मी इथून सुरुवात करीन: परवान्याने बनलेल्या औषधाच्या बाबतीत वजन औषधाचंच धरा.

ज्यांना हे दार लागू होतं त्यांनी उशीर करू नये. ‘स्वतःहून’ या शब्दाला कोर्टात वजन असतं. गुन्हा दाखल होण्याआधीच उपचार सुरू असतील तर त्याहून चांगलं. केंद्र निवडताना मान्यतेचं पत्र पाहा. कारण उपचार कितीही चांगले असले तरी बिगरमान्यतेच्या केंद्राचा दाखला ६४अ साठी पुरणार नाही. दाखल झाल्याची तारीख, डॉक्टरांचं निदान, भेटींच्या नोंदी यांच्या प्रती घरात ठेवा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. कुठे जायचं हेच कळत नसेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे. १९३३ हा नंबर अमली पदार्थ नियंत्रण विभागाचा. आपल्या भागात कुणी मुलांना औषधं विकत असेल तर तिथे नाव न सांगताही कळवता येतं.